कोरड्या आभाळाचे पाच सेंट

काळूरामने पाऊस मोजायच्या डब्यातली बाटली काढली, काचेच्या मापात ओतली आणि कपाळाला हात लावला. पुन्हा पाच सेंट, इंचाचे पाच शतांश! म्हणजे घोटभर पाणी. आभाळ कोरडं ठणठणीत, पलीकडे मिठागरात मिठाच्या राशी उघड्यावर उभ्या. टिपूसभर पडलं असतं तरी तिथल्या लोकांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. मग हे पाणी आलं कुठून? दव म्हणावं, तर दव काय रोज माप लावून पडतं?

कालच मुंबईच्या हवामान कचेरीचं पत्र आलं होतं, फेब्रुवारी १९३२ची तारीख घातलेलं. जानेवारीभर रोज पाच सेंट पाऊस तुमच्याच अंगणात कसा? खरं लिहा, नाहीतर यंत्र परत न्यावं लागेल. काळूरामला ते फार लागलं. सहा वर्षं फुकट राबला, अंगात ताप असतानाही नोंद चुकवली नाही. आणि आता तो खोटारडा!

चुलतभाऊ बाळाजी कुंपणाशी उभा राहून हसत होता.

"पगार न्हाय, पानसुपारी न्हाय. कशाला करतोस रे ह्ये?"

काळूरामने बाटली पुसून पुन्हा डब्यात ठेवली. पाऊस कोण मोजेल म्हणून कचेरीच्या साहेबाने चावडीवर विचारलं, तेव्हा ह्याचाच हात वर गेला होता. का गेला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पेंढ्याच्या उडवीआड दबा धरून बसला. त्याची बायको भागुबाई न्हाऊन आली. तिने तुळशीला पाणी घातलं, मग डब्याकडे वळली, पळीभर पाणी त्यात सोडलं आणि हात जोडले.

"अगो, काय करतेस ह्ये!" तो ओरडतच बाहेर आला.

ती दचकली, पण हटली नाही.

"तुमी करता त्येच. आंघोळीबिगर तुमी तरी हात लावता का त्याला?"

"त्यो देव न्हाय! पाऊस मोजायचा डबा हाय!"

"ठाव हाय. पण खाडीनं बांध फोडला, शेत खारं झालं, त्याच साली तुमी ह्यो आणलात. रोज वाकून बघता, किती आलं, किती आलं. मला काय कळत न्हाय? सहा वर्सांनी यंदा भात पिकला. म्हटलं, पाण्याचा मान ठेवावा. आपला बी हात लागू दे."

काळूराम ओट्यावर टेकला. बांध फुटला तेव्हापासून पाण्याची जी धास्ती पोटात बसली होती, ती त्याने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. स्वतःजवळसुद्धा नाही. आणि ही बया सगळं जाणून होती!

त्याने कार्ड काढलं, लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. जानेवारीपासूनचा सगळा पाऊस खोडावा. चूक आमच्या घरची. कृपा करून डबा नेऊ नये.

भागुबाई रडवेली झाली.

"उद्यापासून न्हाय घालणार. पण मग बांध ऱ्हाईल ना?"

राहील, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. सहा वर्षं थेंब न् थेंब मोजणारा माणूस, पण एवढं काही त्याला सांगता येईना.

शेवटी तो उठला, तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला.

"चल, बांधावर घालू. दोघं."

चार पावलं गेल्यावर तो मागे वळून म्हणाला, "ह्ये मात्र मुंबईला कळवायचं न्हाय हां."