चार वेळा प्रकाशन झालेलं पुस्तक

मित्रांनो, मी एक चित्रांचं पुस्तक आहे. वय जेमतेम सहा महिने, पण माझे कोपरे बघा, म्हाताऱ्यासारखे झिजलेत. वाचून झिजले असते तर मी एक शब्द बोललो नसतो. ते झिजले समारंभांनी!

माझ्यातली गोष्ट तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या गंगी आजीची. भाताची आवणी, म्हणजे लावणी, करताना ती मुलांना सांगायची. बांधावरच्या एका खेकड्याच्या घरातलं मीठ संपतं. आईची आंबील अळणी राहू नये म्हणून तो तिरका तिरका चालत पार चिखले गावच्या समुद्रावर जातो आणि मीठ घेऊन घरी येतो. दक्षानं चित्रं इतकी झकास काढली की विचारू नका. डहाणूच्या संदीपनं मला छापलं. त्याची प्रकाशनसंस्था एका खोलीची. माणूस मनाचा वाईट नाही, पण समारंभाचं भारी वेड!

डहाणूच्या कार्यक्रमाची तारीख तोंडावर आली होती. बांधणीवाल्यानं घाईघाईत पाचच प्रती बांधून दिल्या. त्यातला मी एक. बाकीची पानं गठ्ठ्यांत पडून राहिली. "आधी प्रकाशनं उरकू, मग निवांत बांधू," संदीप म्हणाला.

आम्हा पाचांना चमकदार कागदात गुंडाळून वर फीत बांधली. पाहुण्यांनी ती सोडली, मला छातीशी धरलं, दात दाखवले, फोटो झाला. टाळ्या! मला वाटलं, आता तरी उघडतील. कसलं काय! संदीपच्या बायकोनं, शितलनं, तोच कागद नीट सरळ केला आणि मला परत त्यात गुंडाळलं. का, तर पुढच्या रविवारी घोलवडला कार्यक्रम होता. त्याच्या पुढच्या रविवारी चारोटीला. दक्षानं एक प्रत मागितली, तर तिलाही तेच उत्तर, "समारंभ संपू दे गं." आणि गंगी आजी? तिचं नाव माझ्या मुखपृष्ठावर, पण तिन्ही वेळा म्हणे गाडीत जागा नव्हती. हारांच्या टोपलीला बरी जागा होती!

चारोटीला तर एका पाहुण्यांनी कहरच केला. "या पुस्तकाचा शेवट वाचून माझे डोळे भरून आले!" अहो, तुम्ही मला उघडलं कधी? खोटं बोलायचं ते तरी माझ्या तोंडावर बोलू नये.

चौथा कार्यक्रम आजीच्याच पाड्यावरच्या शाळेत. तिथं तिला न बोलावून चालतंय कसं? तिच्या खांद्यावर शाल आली, हातात मी आलो. फोटो झाला. शितलनं मला घ्यायला हात पुढे केला, तर आजी सरळ खाली मुलांत जाऊन बसली आणि तिनं मला उघडलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं पान उलटत होतं. खरं सांगतो, मला रडूच आलं.

आजीला अक्षरं येत नाहीत, पण चित्रांवर तिचं बोट भराभरा चालत होतं. मुलं वाकून बघत होती. एकाएकी तिचं बोट थांबलं. तिनं चार पानं मागं उलटली, पुन्हा पुढं आली.

"संदीप, ये रे इकडं. खेकडा समुद्रावर पोचला ना?"

"हो, आजी."

"मग हा पुन्हा काय पोचतो?"

संदीप वाकला. नऊ ते सोळा ही पानं दोनदा बांधली होती आणि शेवटची आठ पानं नव्हतीच!

"घरा कव्हा आला तो? त्याची आई अळणी आंबील घेऊन बसली, तशीच बसली का?"

संदीपचा चेहरा पडला. "आजी, पाहुणे खोळंबलेत. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग..."

"तू उघडून बघितलास का यास? एकदा तरी?"

संदीप हारांची टोपली उगाच इकडून तिकडे सरकवू लागला.

"नाय ना? मग मी नाय देत." आजीनं मला पदराखाली घेतलं. "माझा खेकडा घरा नाय आला, तवर कार्यक्रम कशाचा?"

पुढच्या रविवारी ठरलेला पाचवा कार्यक्रम रद्द झाला. संदीप दुसऱ्याच दिवशी बांधणीवाल्याकडे जाऊन बसला आणि त्यानं एकेक प्रत स्वतः उघडून तपासली. एक प्रत दक्षाला गेली, पहिला गठ्ठा पाड्यावरच्या शाळेत आला. ना हार, ना भाषण. आम्हा चुकीच्या पाचांना मात्र रद्दीत टाकायचं ठरलं. चौघे गेले बिचारे. मला आजीनं दिलं नाही.

आता पोरं शाळेतून आली की मला उघडतात. माझी पानं संपतात तिथं खेकडा समुद्रकाठीच उभा असतो. मग उरलेली वाट आजी तोंडानं सांगते आणि त्याला घरी आणून सोडते.

मित्रांनो, आम्हाला हार घालू नका, काचेच्या कपाटात देव करून बसवू नका. आंबिलीचे हात लागले तरी चालतील. आणि आमची चूक निघाली तर खुशाल चारचौघांत काढा. पण त्यासाठी आधी वाचा की!