गोपाळकृष्णाचा डावा कान

मी हेडफोन बोलतोय. खरं सांगू, बोलायचा कंटाळाच आहे मला. आयुष्यभर नुसतं ऐकलंय. आता अकोल्याला मोहरीलांच्या ओसरीत खुंटीला लटकलोय, कातडं फाटलेलं, तार तुटलेली.

१९५२ साली कोचीनला नौदलाच्या शाळेत गोपाळकृष्ण मोहरीलने मला पहिल्यांदा कानाला लावलं. अकोल्याच्या भिक्षुकाचा मुलगा, मोर्णा नदीपलीकडे पाणी न पाहिलेला! जहाजाखालून पाण्यात आवाज सोडायचा आणि पाणबुडीवर आपटून तो परत येतो का, हे ऐकत बसायचं, एवढंच आमचं काम. पण माशांचा थवाही आवाज परत धाडतो, बुडालेलं जहाजही धाडतं. त्यातली पाणबुडी ओळखायला कान लागतो, आणि तो त्याला होता. त्या कानावरच तो चढत गेला, जहाजाचा कप्तान झाला. मला मोडीत काढलं तेव्हा त्याने मला मागून घेतलं आणि सुट्टीत घरी आणून टांगलं.

सरावातल्या स्फोटांनी त्याचा डावा कान गेला, हे फक्त मला ठाऊक होतं. माझी डावी बाजू तो कानाशी दाबदाबून बघायचा, मग उजवी लावायचा. तपासणीत डॉक्टरांच्या ओठांकडे बघून वेळ मारून न्यायचा. कळलं असतं तर जहाज हातचं गेलं असतं ना!

घरी आई, माणिकबाई, जेवताना त्याच्या डाव्या हाताला बसायची. चटणी-कोशिंबिरीची डावी बाजू आपणच वाढायची, ही तिची जुनी सवय. ती काहीबाही विचारायची, हा खाली मान घालून जेवायचा.

"साह्यब झाला माहा पोरगा. मायले जबाब द्यायले तोंड दुखते त्याचं!" असं ती शेजारणीला सांगायची. पुढे तिनं विचारणंच सोडलं. मला फार वाईट वाटायचं.

१९६६च्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला असताना त्याचा शाळासोबती कुर्बान आला. त्याचं वावर खारपाणपट्ट्यात, दोन विहिरी खोदल्या, दोन्ही खारट निघालेल्या.

"गोपाळ, तू समुद्राच्या पोटातलं आयकतो म्हन्ते. माह्या वावरात गोडं पानी कुठं हाये, तेवढं आयकून दे ना! हे यंत्र घे सोबत."

"ते तसं चालत नाही रे बाबा."

"काहून नाही चालत?"

आई डावीकडून म्हणाली, "राहू दे कुर्बान. मायचं आयकत नाही तो, जमिनीचं काय आयकन!"

कुर्बान हसला. गोपाळकृष्णाने विचारलं, "काय म्हणाली आई?" तसं कुर्बानचं हसू थांबलं. मान खाली घालून त्याने ते शब्द परत सांगितले.

गोपाळकृष्णाने मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं. बराच वेळ माझी डावी बाजू चोळत राहिला.

"आई, मले या कानानं आयकू येत नाही. चार वर्सं झाली. कोनालेच सांगितलं नाही."

"अगं माय! आन् मी चार वर्सं त्याच कानाशी भांडत होती काय रे?"

दुसऱ्या दिवशी तिनं डावी बाजू वाढली आणि वळसा घालून उजवीकडे येऊन बसली. तो पोटभर जेवला, पोटभर बोललाही. परत गेल्यावर त्याने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. जहाज गेलं. आता मुंबईला एका कचेरीत कागदांवर सह्या करतो म्हणे.

मी दमलोय हो. माणिकबाई मला पुसते, माझ्या उजव्या बाजूशी तोंड आणते आणि विचारते, "जेवला काय रे, गोपाळ?" माझी तार कुठंच जोडलेली नाही. तुमच्यापैकी कुणी मुंबईला जात असेल, तर त्याच्या उजव्या कानात एवढं सांगा, आई विचारतेय.