उजवीकडच्या पट्ट्या

रंजिताने पट्टी दाबली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"काय झालं?" शुभदा मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. बोटांना घाम आलाय."

तिने पुन्हा पाहिलं. शेजारी शेजारी दोन काळ्या पट्ट्या, त्यांना डावीकडून लागून असलेली पांढरी. म्हणजे सी. जागा बरोबर होती. सूर चुकला होता. सकाळी घरी दिराच्या कीबोर्डवर हीच पट्टी दाबून, तो सूर गुणगुणत ती करावे गावातून सीवूड्सच्या शाळेपर्यंत चालत आली होती. वाटेत ओळखीची बाई भेटली तरी तोंड उघडलं नव्हतं, न जाणो सूर हरवला तर. आणि शाळेचा पियानो त्याच पट्टीतून भलताच सूर काढत होता. थोडासाच खाली, पण खाली.

"सोमवारपासून प्रार्थना तुम्हालाच वाजवायचीय," शुभदा मॅडम म्हणाल्या. बालवर्ग त्यांच्याकडे होता, आणि इतकी वर्षं मुलांचे डबे उघडून देणाऱ्या रंजिताला शिक्षिका करायचं त्यांनीच मनावर घेतलं होतं. "घाबरताय कशाला? पियानो काही चावत नाही."

रंजिता हसली. पियानोला कोण घाबरतंय? ती घाबरली होती स्वतःच्या कानांना.

तिच्या माहेरी चाळिशी आली की कान जातात. आजोबांचे गेले, आत्याचे गेले. दादा, म्हणजे वडील गोटीराम, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होते, म्हणून त्यांच्या बहिरेपणाचं खापर सगळ्यांनी लोखंडाच्या आवाजावर फोडलं. आत्या कुठे लोखंड कापायला गेली होती, हे कुणी विचारलं नाही. दादांना ऐकू आलं नाही की ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून हसत आणि "हो, हो" म्हणत. रंजिताचे सासरे गेल्याची बातमी सांगितली तेव्हाही ते तसेच हसले होते. चारचौघांत तिला त्यांची लाज वाटली होती, आणि नंतर त्या लाजेचीच लाज.

आता तिचीही चाळिशी जवळ आली होती. हे असंच सुरू होत असणार. आधी सूर सरकत असतील, मग माणसांचे आवाज. बहिऱ्या बाईच्या हाती कोण लहान मुलं देणार?

तिने कानांचा नाद सोडला आणि नुसत्या बोटांच्या भरवशावर प्रार्थना वाजवली. मॅडम "छान" म्हणाल्या. त्यांचे ओठ तसे हललेले तिने नीट पाहून घेतले.

घरी कुंदन कीबोर्डची वायर जोडत होता. हा तिचा धाकटा दीर, गावोगावच्या हळदीत ऑर्केस्ट्रा वाजवणारा. दोन कीबोर्ड बाळगायचा. एक छोटा हळदीसाठी आणि हा लांबलचक, सरावाचा. नवऱ्याला सांगायचं धाडस झालं नसतं, ते तिने कुंदनला एका दमात सांगून टाकलं.

कुंदनने कपाळावर हात मारून घेतला.

"वैनी, ट्रान्सपोज चालू हाय! आमची गायिका काळी एकमदी गाते, म्हंजे अर्धा सूर वर. मंग सगली गानी काळ्या पट्ट्यांवर कोन वाजवनार? हे बटन दाबायचं. बोटं आपली पांढऱ्यावरच, आवाज मशीन वर नेतं. सराव झाल्यावर बंद करायचं राहूनच जातं." त्याने बटन दाबलं. "आता वाजव बघू."

तिने सी वाजवला. हुबेहूब शाळेतला सूर.

रंजिता पदरात तोंड घालून रडली, मग हसली. कान शाबूत होते. चूक या गाढवाची होती आणि तिने दिवसभर जीव टांगणीला लावला होता.

"मेल्या, माजा जीव घेतला असतास," ती म्हणाली. "आनि त्या शेवटच्या पट्ट्या कधी नीट करनार हायस?"

"कुटल्या?"

"या, उजवीकडच्या. जुना माल घेतलास, नुसत्या टकटक करतात."

कुंदनने वाकून त्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. टक. टक. टक.

"अरं, बंद कर ती शिट्टी!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "कान फाटले माजे!"

"वाजतात की, वैनी." कुंदनने अगदी टोकाची पट्टी दाबून धरली आणि तिच्याकडे पाहिलं.

रंजिता त्याच्या तोंडाकडे बघून हसली.

"हो, हो," ती म्हणाली.