गोर्ना लेस्काच्या ओळीतले ठिपके

स्नेझांकाबाई जिल्ह्याच्या आकडेवारी कार्यालयात ठिपके देण्याचं काम करायच्या. तक्त्यात तीनपेक्षा लहान आकडा आला की तो पुसायचा आणि तिथे ठिपका ठेवायचा, असा नियम होता. साठ-सत्तर वस्तीच्या गावापुढे 'एक' लिहिलं, की तो एक कोण हे शेंबडं पोरही सांगतं.

बाई नियमाला उगाच चिकटून नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी एका गावाचा एड्सचा आकडा त्यांनी झाकला खरा, पण तळाची बेरीज तशीच राहिली. गुत्त्यावरच्या रिकामटेकड्यांनी बाकीची गावं वजा केली, एक उरला. दर महिन्याला मोठ्या इस्पितळात कोण जातं, हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेची मास्तरीण. तिच्या घराच्या काचा फुटल्या, लोकांनी पोरं शाळेतून काढली, आणि ती गेली ती परत आली नाही. तेव्हा बाईंनी कानाला खडा लावला.

दीड वर्षापूर्वी गोर्ना लेस्का गावाचा डॉक्टर दोब्रेव आला होता.

"गोर्ना लेस्कात मूत्रपिंडाच्या कर्करोगाने किती गेले, ते हवंय. पाच वर्षांचं, वर्षागणिक. मला पाण्याचा संशय आहे. पण आकडा दाखवल्याशिवाय तपासायला कोणी फिरकत नाही."

बाईंनी तक्ता काढला. दोन, एक, दोन, एक, दोन. पाचही घरांत ठिपके पडले.

"अहो बाई, मी आकडे मागितले, तुम्ही खसखस दिलीत!"

"नियम आहे, डॉक्टर."

तो चरफडत निघून गेला. पाच वर्षं एकत्र केली तर आठ होतात आणि आठ दाखवता येतात, हे बाईंना त्याच क्षणी दिसलं होतं. पण त्याने बेरीज मागितली नव्हती. बाईंना मास्तरणीच्या काचा आठवल्या, आणि खरं सांगायचं तर जेवायची वेळही झाली होती. त्यांनी त्याला हाक न मारता डबा उघडला.

या शरदात गोर्ना लेस्काहून स्पास नावाचा म्हातारा आला. कोटाला सुतकाची काळी फीत, हातात पिशवी. त्याने टेबलावर मृत्यूचे कागद मांडले. माणूस गेला की फोटो छापलेले हे कागद तिकडे दारावर, खांबावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी नवा, वर्षाने नवा.

"बसथांब्याच्या खांबावरून सोडवून आणलेत. एका माणसाचा एकच घेतलाय. अकरा आहेत. सगळे त्याच दुखण्याने गेले. त्यातलीच ही माझी बायको, त्सोनका, चाळीस दिवस झाले."

"वाईट झालं, आजोबा."

"वरची दगडी पाणपोई मी बांधली, बाई. पोरगा अपघातात गेला, त्याच्या नावाने. झऱ्याचं गार पाणी. अख्खं गाव तिथे भरतं आणि पोराला दुवा देतं. आता डॉक्टर म्हणतो, पाण्यात काहीतरी आहे. शेजारी म्हणतात, येडा आहे तो, आकडा कुठाय त्याच्याकडे? तुम्ही सरकारी माणूस. एवढंच सांगा, माझ्या पोराचं पाणी चांगलं आहे ना?"

बाईंनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"पाण्यातलं मला कळत नाही, आजोबा. बसा जरा."

त्यांनी जुना तक्ता उघडला. पाच घरांचं एक घर केलं. कुणाला वजाबाकी करून एकटं गाठता येऊ नये म्हणून सगळ्या बेरजा दोनदा ताडून पाहिल्या. गोर्ना लेस्का, आठ. जिल्ह्याच्या मानाने कितीतरी पट. छापलं, शिक्का मारला. एकही नियम मोडावा लागला नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

स्पासने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. बराच वेळ वाचला.

"हे तेव्हा डॉक्टरला देता येत नव्हतं?"

कॉम्प्युटर, साहेब, कायदा, सगळी उत्तरं बाईंच्या जिभेवर आली. स्वतःचीच शिसारी आली त्यांना.

"येत होतं, आजोबा."

म्हाताऱ्याने मान हलवली. थुंकी लावलेल्या बोटाने त्याने गठ्ठ्यातले आठ कागद मोजून शिक्क्याच्या कागदासोबत पिशवीत घातले. तीन टेबलावरच राहिले. सगळ्यात वर डोक्याला रुमाल बांधलेली त्सोनका होती.

"हे डॉक्टर येऊन गेल्यानंतरचे," तो म्हणाला. "हे तुमच्याकडेच राहू द्या."

आणि तो बस धरायला निघाला. पाणपोई आजच बुजवायची होती.