खंडेनवमीची कांडी

अर्जुनराव चेअरमनांना नारळ फोडायचं व्यसन होतं. दुष्काळानं ऊस जळालेला, साखर कारखान्याचा बॉयलर दुसऱ्या वर्षीही गार. खंडेनवमीला पुजावं असं तिथं काही उरलं नव्हतं. पण ज्याच्या हातात नारळ असतो त्याला दगड सापडतोच. त्यांना सापडलं कारखान्याच्या दवाखान्यातलं नवं यंत्र.

नेमकं त्याच सकाळी तिथं ऊसतोड करणाऱ्या भिवराबाईचं ऑपरेशन होतं. उजव्या स्तनात गाठ, आणि गाठ कॅन्सरची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून धरतात. तिचा उजवा हात गेला तर नवऱ्याचा, शहादेवचा कोयता अर्धाच. म्हणून तिनं संभाजीनगरहून आलेल्या डॉक्टरांना एकच विचारलं होतं, हात राहील का. डॉक्टरांनी समजावलं होतं. गाठीजवळ सुईनं लोखंडाचे कण सोडायचे, डोळ्याला न दिसणारे. काखेत सगळ्यांनाच बारक्या गाठी असतात, त्यांतल्या पहिल्या एकदोन गाठींत ते जाऊन बसतात. यंत्राची चुंबकी कांडी फिरवली की तिथंच वाजते. रोग पसरला तर आधी तिथंच पोचतो, म्हणून तेवढ्याच गाठी काढून तपासायच्या. कांडी नसेल तर अख्खी काख साफ करावी लागते, आणि मग हात जन्मभर सुजायची भीती. कण आदल्या दिवशीच सोडले होते.

अर्जुनराव फोटोवाल्यांसह थेट ऑपरेशनच्या खोलीत घुसले. यंत्राला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नर्स नको नको म्हणत होती. तिचं कोण ऐकतो? त्यांनी यंत्राच्याच काठावर नारळ आपटला. पाणी फटीतून आत गेलं आणि पडदा काळा झाला. टाळ्या मात्र झाल्या.

डॉक्टरांनी बटणं दाबून पाहिली आणि कपाळाला हात लावला. अर्जुनराव म्हणाले, एवढं काय त्यात, काख साफ करा, हात थोडा सुजला तर बाईला दवाखान्यात झाडायला ठेवू. शहादेव खाली मान घालून उभा होता. भिवराबाईला त्याचाही राग आला. ती टेबलावर उठून बसली.

"सायेब, नारळ आमी बी वाढवतो. पर भुईवर. कोयत्यावर आपटत न्हाई, धार जाती."

मग तिनं डॉक्टरांना विचारलं, असलं यंत्र आणखी कुठं हाय का. त्यांच्या शहरातल्या दवाखान्यात होतं, आणि कण काही दिवस काखेत टिकणार होते. भिवराबाई दवाखान्याच्या झग्यावर पदर गुंडाळून बाहेर आली आणि चेअरमनांच्या गाडीत जाऊन बसली. फोटोवाले बघत होते, म्हणून अर्जुनरावांना उदार व्हावं लागलं.

शहरात कांडी वाजली. काखेतल्या दोनच गाठी निघाल्या, दोन्ही निर्मळ. स्तनातली गाठही गेली.

दिवाळीनंतर सभासदांचा मेळावा झाला. अर्जुनरावांनी आपल्या दूरदृष्टीनं एका गरीब भगिनीचा हात कसा वाचला ते अर्धा तास सांगितलं. डोळेही पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. मग भिवराबाईला बोलावून दोन शब्द आभाराचे बोलायला माईक दिला. तिनं तो उजव्या हातात धरला.

"चेरमन सायबांच्या गाडीमुळं हात वाचला, हे खरं हाय," ती म्हणाली. "गाडीची पूजा दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला हुती. म्हनून ती चालू हुती."