मिस्त्रींचा पांढरा ठिपका

दुसरी खिंड ओलांडून मिस्त्री उताराला लागले आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. टक. जरा थांबून पुन्हा टक. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घालून काढलेल्या माणसाला हा आवाज कळायला कितीसा वेळ लागणार? पण कळूनही त्यांनी तो कानाआड केला. आपल्या गाडीतून असा आवाज येईलच कसा, असं मनाशी म्हणत ते आणखी दोन वळणं उतरले.

सकाळच तशी होती, आवाजाकडे लक्ष जाऊ न देणारी. एकट्यानं तीन खिंडी ओलांडायच्या, हे तरुणपणापासूनचं वेड. लोकांच्या गाड्या घाटाजोग्या करून देता देता स्वतःचं जायचं राहून गेलं होतं. गॅरेज सांभाळू लागलेल्या लेकीनं चेष्टा केली होती, की बाबांना या वयात पंख फुटलेत. पण सातला निघा, तोवर मी गाडीवरून एक नजर टाकते, असंही तिनं बजावलं होतं. माझ्या हातचं काम तू काय तपासणार, म्हणत मिस्त्री हसले होते आणि पाचलाच, फाटकाचा आवाज न करता, सटकले होते. पहिल्या खिंडीत सूर्य वर आला तेव्हा खालची सगळी दरी ढगांनी काठोकाठ भरलेली. मिस्त्री खाली उतरले, हे सगळं घडवणाऱ्याला त्यांनी हात जोडले आणि ऐकायला कुणी नाही हे बघून आपल्या भसाड्या आवाजात मनसोक्त गायले.

आता स्टिअरिंग थरथरू लागलं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चाकामागे दगड लावला आणि वाकून पाहिलं. पाच नट. पाचांवर पांढरा ठिपका. त्यांनी एका नटाला नुसती दोन बोटं लावली.

नट फिरला.

दुसरा फिरला. तिसराही. मिस्त्री रस्त्यावरच बसले. हातभर अंतरावर दरी होती, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या ठिपक्यांकडे बघत होते.

तो ठिपका म्हणजे गॅरेजची शपथ होती. नट पान्यानं आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. आधी पाना, मग ठिपका. ठिपका दिसला की त्या नटाला कुणी पुन्हा हात लावायचा नाही. हा नियम मिस्त्रींनीच घातला आणि गुडघे बोलायला लागल्यापासून मिस्त्रींनीच मोडला. बसल्या बैठकीत नट हातानं चढवायचे, ठिपकेही देऊन टाकायचे आणि मग एकदाच उठून पाना मारायचा. काल ठिपके देऊन झाले, लेकीनं रस्त्याचा नकाशा बघायला हाक मारली, ते उठून गेले. पाना तसाच राहिला.

आणि मग त्यांना शाळेची बस आठवली. कालच, अशाच बसल्या बैठकीत, त्यांनी तिचीही चाकं चढवली होती. ती आज नऊ वाजता चाळीस मुलं घेऊन सहलीला निघणार होती, याच घाटाला. ते आठवू लागले. ब्रश आठवला, रंगाचा वास आठवला, ठिपके आठवले. पान्याला रेटताना दंडावर येणारा भार काही केल्या आठवेना.

घड्याळात सव्वाआठ. फोनला रेंज नाही. त्यांनी पाचही नट आवळले, उरलेल्या तीन चाकांचेही आवळले, देवाचं नाव घेतलं आणि गाडी वळवून पुन्हा खिंडीकडे चढवली. वर पोचताच रेंज आली आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

लेकीनं फोन उचलला. मिस्त्रींनी धड 'हॅलो'ही म्हटलं नाही. बस थांबव, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. मग कसंबसं बाकीचं.



"बस ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "काल संध्याकाळीच आवळली मी."

"तू? ठिपके होते ना त्यावर?"

"होते." ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. तुम्ही घरी गेलात की तुमच्या प्रत्येक ठिपक्यावर मी पाना फिरवते. कधी घट्ट असतात, कधी नसतात. तुमची गाडी तुम्ही घरी नेलीत, ती तेवढी सकाळी बघणार होते. म्हणून तर सातला निघा म्हटलं."

 दीड वर्ष. रोज संध्याकाळी ते हात धुऊन, मान ताठ करून घरी जात होते आणि ही पोर पाठीमागे दिवा लावून एकेक चाक धुंडाळत होती.

"बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? नियम तुमचा."

 समोर तिसरी खिंड उन्हात लख्ख उभी होती. मग लेकीनं विचारलं, की नट आता कसे आहेत. आवळलेत, चारही चाकांचे, असं त्यांनी सांगितलं. तरी फोन चालू ठेवून पुन्हा एकदा फिरवा, ती म्हणाली. मिस्त्रींनी फोन बॉनेटवर ठेवला आणि एकेक नट तिला मोजून दाखवत पाना फिरवला. वीसच्या वीस.

सवयीनं त्यांचा हात खिशातल्या रंगाच्या बाटलीकडे गेला.

"नवा ठिपका नको, बाबा," ती म्हणाली, जणू समोरच उभी होती. "सावकाश जाऊन या. आल्यावर मी देते."

मिस्त्रींनी बाटली तशीच राहू दिली. जुने ठिपके तेवढे नखानं खरवडून काढले आणि गाडी तिसऱ्या खिंडीकडे वळवली. दर दहा मैलांवर थांबून ते चाकाला हात लावून बघत होते.