आम्ही आणि आपण

"वर्गात जे बोललात ते परत सांगा, बाई," असं म्हणत त्याने शिक्षकांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. बरोबर आणखी दोघे होते. एकाच्या हातात लोखंडी गज होता.

बाई भाषा शिकवत. शेजारच्या देशाशी अणुयुद्धाची तणातणी चालली होती आणि आदल्या संध्याकाळी देशाच्या नेत्याचं भाषण झालं होतं. बाईंच्या नवऱ्याने, तो शिंपी होता, शिलाई मशीन थांबवून ते ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. सकाळी सर्वनामं शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, साहेब भाषणात मधेच आम्ही म्हणतात, मधेच आपण. का हो?"

बाईंनी भाषणातली दोन वाक्यं फळ्यावर लिहिली. 'अस्त्र कधी सोडायचं ते आम्ही ठरवू.' 'जी किंमत पडेल ती आपण मोजू.'

"आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. आपण म्हटलं की तो आत येतो," बाई म्हणाल्या. "म्हणजे ठरवताना तुम्ही बाहेर आणि मरताना आत."

मुलगी खाली बसली. तिचा बाप सैन्यात होता, सरहद्दीवर. दार लावणारा तिचा काका होता.

"सर्वनामं शिकवत होते," बाई आता म्हणाल्या.

थप्पड इतक्या जोरात बसली की त्या कपाटावर आदळल्या.

"साहेबांचं भाषण बरोबर होतं, एवढंच म्हणा. लगेच जातो आम्ही."

मुख्याध्यापक भिंतीला चिकटून उभे होते. "म्हणून टाका ना, बाई. तोंडाने म्हणायला काय जातंय?"

बाईंनी ओठावरचं रक्त हाताने पुसलं. "व्याकरणात बरोबर होतं. म्हणूनच तर भीती वाटली मला."

गज जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मुख्याध्यापकांनीही ऐकला. तोंड झाकायला वर केलेल्या उजव्या हातावर दुसरा घाव पडला. त्या कोसळल्यावर काका लाथा मारत राहिला, आणि मारता मारता तोच रडायला लागला. "माझा भाऊ तिकडे मरायला उभा आहे! तू इथे पोरीला काय शिकवतेस?" शेवटी सोबतच्यांनीच त्याला ओढून बाहेर नेलं.

इस्पितळात बाईंचा जबडा तारेने आवळून बांधला. हात प्लास्टरमध्ये गेला. नवरा दुकान बंद ठेवून खाटेशी बसायचा, नळीने पेज पाजायचा. पहिल्या दिवशी तो खूप चिडला. "काय नडलं होतं तुझं? आपल्यापुरतं बघायचं ना." बाईंनी डाव्या हाताचं बोट बांधलेल्या जबड्याला लावलं. मग तोच ओशाळून म्हणाला, "जन्मभर तुझ्यापुढे बोलण्यात हरलो. आता माझी पाळी आली, तर काही सुचत नाही बघ."

आठवड्याने वॉर्डातल्या टीव्हीवर साहेब पुन्हा बोलायला उभे राहिले. खाटांवरचे लोक उठून बसले. नवऱ्यानेही सवयीने मान वर केली.

"पहिला घाव घालायचा, असं आम्ही ठरवलं आहे," साहेब म्हणाले. वॉर्डात टाळ्या पडल्या. "आणि शहरं जळाली तरी आपण राखेतून उभे राहू."

नवऱ्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. "राखेतून आपण," तो पुटपुटला. बायकोच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं. मग उठला, टीव्हीपाशी गेला आणि बटण बंद केलं.

"ए, लाव ते," कोणीतरी ओरडलं.

"नाही लावणार."

दारापाशी एका रोग्याचे दोन नातेवाईक बसले होते. ते उठले. बाईंनी घशातून आवाज काढला. तो तारेतच अडला. नवरा घाईघाईने खाटेपाशी आला, डोळ्यांवरचा चष्मा काढला, नीट मिटून तिच्या डाव्या हातात ठेवला आणि परत जाऊन टीव्हीसमोर उभा राहिला.